इंजिनातली बिअर

गाडी घेताना शोरूमवाल्यांनी तीन-तीनदा सांगितलं होतं, पहिलं सर्व्हिसिंग फुकट. आता काउंटरमागचा लिंबर नावाचा तरुण माझ्यापुढे कागद सरकवून म्हणत होता, "मॅडम, मजुरी फुकट. ऑइल, फिल्टर आणि इंजिनाची धुलाई मिळून नऊशे ऐंशी बोलिव्हियानो."

हे असलं फुकट मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. "धुलाई कशाला? पाच महिन्यांची तर गाडी," मी म्हणाले.

त्याने मोबाइलवरचा फोटो दाखवला. इंजिनभर तपकिरी चिकटा, त्यात रुतलेल्या रंगीत कागदाच्या टिकल्या आणि एक वाळकी लाल पाकळी. मी काय ते समजले. आमच्या वस्तीतल्या चर्चसमोर गाडीची पूजा केली, तेव्हा पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडून गेल्यावर आईने बॉनेट उघडायला लावलं आणि धरणीमातेच्या नावाने बिअरची अख्खी बाटली आत रिकामी केली. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घोटभर असतेच.

"बिअर ना?" लिंबर आवाज खाली आणून म्हणाला. "माझ्या गाडीलाही घालतो आम्ही. पण टायरवर हो."

"मग राहू दे की तशीच."

"तीच तर अडचण आहे. ब्रेक ऑइलच्या डबीखाली ओल दिसतेय. बिअर आहे की ऑइल गळतंय, ते धुतल्याशिवाय कळायचं नाही. नको असेल तर इथे सही करा. पुढे ब्रेकचं काही झालं तर आमची जबाबदारी नाही."

माझी चांगलीच पंचाईत झाली. सवाल पैशांचा नव्हता. आई पलीकडे सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, हॅट डोक्यावर, गाठोडं मांडीवर. दहा वर्षांपूर्वी माझा भाऊ एलियो मिनीबससकट युंगासच्या घाटातून दरीत गेला. तेव्हापासून ही बाई टॅक्सीत बसली नाही, बसमध्ये बसली नाही. शहरावरून जाणारी केबलकार तेवढी चालायची तिला. सख्खी बहीण वारली तरी गावी गेली नाही. माझ्या गाडीत बसली ती स्वतःच्या हाताने पूजा केली म्हणून, असं मी धरून चालले होते. आता ती पूजाच पाइप लावून धुऊन काढली, तर ही पुन्हा घरात कोंडून घेणार. आणि नाही धुतली, तर ब्रेक? नवीन गाडीचे ब्रेक गळतात का? मला काही कळेना. मी पेन उचललं.

"कशावर सही करतेस गं?" आई मागे येऊन उभी होती.

"काही नाही आई. इंजिन धुवायचं म्हणतात. मी नको म्हटलं."

"का धुवायचं?"

लिंबरनेच सांगितलं, "मावशी, ब्रेक नीट दिसत नाहीत."

आईने कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ पाहत राहिली.

"एलियोच्या मिनीबसलाही मी घातली होती," ती म्हणाली. "कार्निव्हलच्या मंगळवारी. दोन बाटल्या. तो म्हणत होता, आई, ब्रेक दाखवून घेतो, पैसे लागतील. मी म्हटलं, आधी पूजा होऊ दे, बँड येऊ दे, चार लोक जेवू देत. ब्रेक पुढच्या आठवड्यात बघ."

दहा वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. एलियो त्याच आठवड्यात, शनिवारी गेला होता.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"काय सांगू?" तिने माझ्या हातातलं पेन काढून काउंटरवर ठेवलं आणि लिंबरकडे वळली. "साहेब, धुवा. आणि ब्रेक तुम्ही स्वतः बघा. मी इथेच बसते."

दोन तासांनी लिंबर हात पुसत आला. "बिअरच होती, मावशी. ब्रेक ठणठणीत आहेत." आई नुसती मान हलवत राहिली. मी नऊशे ऐंशी मोजले. रडू येत होतं, पण ते कुणासाठी, तेही धड कळत नव्हतं. दहा वर्षं मी तिला गाडीची भीती वाटते असंच समजत आले होते.

फाटकाबाहेर तिने गाडी थांबवायला लावली. पहिला शुक्रवार होता, गाठोड्यात बाटली होतीच. मी सवयीने बॉनेट उघडायला गेले.

"बंद ठेव ते," आई म्हणाली. खाली वाकून तिने घोटभर बिअर टायरवर ओतली. मग नेहमीचं मागचं दार सोडून पुढे आली, माझ्या शेजारी बसली आणि विचारलं, "हा पट्टा कुठे अडकवायचा गं?"