ड्राय म्हणजे काय

आमची नात निशिगंधा घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात बिअर बनवते, हे घरात मला एकटीला माहीत होतं. आजोबांच्या लेखी ती 'फूड कंपनीत' होती. आता हॉटेलवाले तिला कायम करणार होते, आणि पक्की नोकरी काही ती आजोबांपासून लपवून घेणार नव्हती.

"आज सांगतेच," ती म्हणाली आणि स्वतः बनवलेली बाटली तिने फ्रीजमधून काढली.

माझ्या बहिणीच्या मुलाने, जितेशने, भाईंदरला बिअर शॉपी काढली, तर हे त्याच्या लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून तो पोरगा आमचा जिना चढलेला नाही. आता तीच पाळी नातीवर, आणि ही तर आमच्याच घरात राहणारी.

त्यात दिवस दोन ऑक्टोबरचा. आमचे हे, म्हणजे पंढरीनाथराव, सोसायटीचे चेअरमन. सकाळीच खाली गांधीजींच्या फोटोला हार घालून दारूबंदीवर बोलून आले होते. हे बोलायला उभे राहिले की माइक नसला तरी पार पलीकडच्या नया नगरपर्यंत ऐकू जातं. घसा पार बसला होता.

"काय गं ते? थंड आहे का?"

"आजोबा, आधी ऐका. ही ड्राय आयपीए आहे. म्हणजे बिअरच, पण..."

"ड्राय?"

"हो. साखर अजिबात नाही."

"मग आण की इकडे. डायबेटिस झाल्यापासून जो तो मला ताकच पाजतोय."

"पण आजोबा, ड्राय म्हणजे..."

"मला शिकवू नकोस. आज काय आहे? ड्राय डे. म्हणजे दारू नाही. तशी ही ड्राय बिअर. हल्ली निघालीय असली, पेपरात वाचलंय मी."

निशिगंधा माझ्याकडे बघत राहिली. तोवर ह्यांनी स्टीलचा पेला भरून तोंडाला लावलाही होता.

मीही घोटभर घेतली. रत्नागिरीला आई आम्हाला सकाळी उपाशीपोटी काडेचिराइताचं पाणी द्यायची. रात्रभर भिजवलेल्या कडू काड्या, वर गूळ मागायची सोय नाही. हीही त्याच जातीची. आधी पपनसाच्या सालीचा वास, मग कडू, आणि आता काहीतरी गोड येईल म्हणून थांबावं तर जीभ लख्ख पुसलेली.

"यीस्टने सगळी साखर खाल्ली ना आजी, म्हणून अशी लागते," निशिगंधा हळूच म्हणाली. "ह्यालाच ड्राय म्हणतात."

काडेचिराइताला फेस आणून बाटलीत भरायची अक्कल आमच्या आईला सुचली नाही, नाहीतर आज आमचा कारखाना असता.

"उत्तम!" हे पेला खाली ठेवत म्हणाले. "नाहीतर तो जितेश. लोकांना दारू विकतो. त्यापेक्षा असलं काही विकलं असतं तर मी स्वतः रिबीन कापायला गेलो असतो. कुणी बनवली गं ही?"

"मी," निशिगंधा म्हणाली. "आजोबा, मी एका हॉटेलात हेच काम करते, आता ते मला कायम करणार आहेत. आणि ह्यात दारू आहे. साडेसहा टक्के."

ह्यांनी पेल्यात पाहिलं. तळाला फेससुद्धा उरला नव्हता.

"शक्य नाही," हे म्हणाले.

"आहे, आजोबा. खरंच आहे."

"दारू काय असते ते मी गिरगावात बघितलंय. खालच्या मजल्यावरचा महिपत रोज हातगाडीवरून घरी यायचा. मी बघ कसा सरळ बसलोय."

महिपत मलाही आठवतो. बसलेला असेपर्यंत तोही सरळच असायचा. उठला की पडायचा.

"मग उठून बघा," मी म्हटलं.

हे उठले. फरशीच्या रेघेवर पाऊल ठेवून दारापर्यंत गेले आणि परत आले. गुडघ्यामुळे एरवी हे डावीकडे झुकून चालतात. आज ओळंबा लावल्यासारखे सरळ गेले.

"बघितलंस? तोल गेला का कुठे? नाही ना? मग ही दारू नव्हे. तुमचे हॉटेलवाले टक्के वाढवून सांगत असतील. धंद्यात सांगावं लागतं तसं."

"आजोबा, टक्के मीच मोजलेत..."

"तुझ्या हाताला चव आहे पोरी, पण गणित तुझं पहिल्यापासून कच्चं," म्हणत हे खुर्चीत टेकले. मग पेला तिच्यापुढे सरकवला. "नोकरी घे. माझी ना नाही. फक्त एक वचन दे. दारूच्या धंद्यात कधी पडायचं नाही."

निशिगंधाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"हो म्हण," मी म्हटलं.