ताटावरचा खडा

“उपास सोडताना पहिला घास एकटीनं घेऊ नये, कुणाशेजारी बसून घ्यावा,” आई सांगायची. ती गेल्यावरही माझे गुरुवार तसेच चालले. शेजारच्या दगडाबाई सोबत पानाला बसायच्या.

सत्त्याण्णव साली देवळाली प्रवराजवळच्या आमच्या शाळेत एड्सवर नाटुकलं बसवायचं काम माझ्याकडे आलं. वर्गात लिहिलेलं वाचून दाखवलं: रोग रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातून पसरतो. ‘शरीरसंबंध’ हा शब्द मी इतका हळू वाचला की नववीतला कल्याण म्हणाला, “बाई, मागं ऐकू येईना!” वर्ग हसला. देवाचं नाव घेऊन पुन्हा वाचला, मोठ्यानं. सोबत जेवून पसरत नाही, हेही वाचलं.

नाटकातल्या आजारी सुनेचं काम कुणी घेईना.

“घ्या की गं! रोग काय कागदातनं येतोय व्हय?” कल्याणनं मुलींना चिडवलं.

कधी न बोलणारी आरती उठली. “मी करते.”

तालमीत ती दाराबाहेर बसून जेवली. ताट नव्हतंच, नुसते हात. मग तिनं ते नसलेलं ताट राखेनं घासलं, उन्हात भिंतीवर पालथं घातलं आणि वर खुणेचा एक खडा ठेवला. यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. सासू झालेली मुलगी वाक्य विसरली. डॉक्टर झालेला कल्याण मात्र पुढं आला. त्यानं खडा उचलून फेकला, ताट आत आणून चार ताटांत मांडलं. तेही मी लिहिलं नव्हतं.

समईपुढं बसल्यावर होतं तसं मन गप्प झालं. चौदा वर्षांची ही लेकरं!

सगळे गेल्यावर आरती थांबली.

“बाई, आमच्यात आजी ठिवती खडा. आईच्या ताटावर. माझे बापू ह्याच रोगानं वारल्यापासनं.” नखं कुरतडत तिनं विचारलं, “तुमी लिव्हलंय ते खरं हाय का नाटकापुरतं?”

“खरं आहे गं.”

“मग तुमी जेवाल तिच्यासंगं?”

मी सोवळ्यात वाढलेली. तरी म्हणाले, “गुरुवारी येते. उपास तिच्याशेजारी सोडेन. आजीसमोर.”

गुरुवारी दिवेलागणीला पोथी मिटली. दगडाबाई ओट्यावर आल्याच होत्या.

“पान घेऊ का, बाई?”

“आज तुम्ही जेवून घ्या.”

“आन् तुमी उपाशी?”

“नाही हो.”

देवाला हात जोडले. फडक्याखाली झाकलेला माझा जेवणाचा डबा घरीच ठेवला, चपला घातल्या आणि उसाच्या कडेनं आरतीच्या घराची वाट धरली.