नव्या मेमरीला कुंकू

लहू परबाची बायको स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर उघडते, ही बातमी डिलाईल रोडच्या त्या चाळीत दमयंतीने नव्हे, लहूनेच पसरवली होती. नळावर सांगून झालं, वाण्याकडे सांगून झालं, दाढी करताना न्हाव्यालाही सोडलं नाही. "आमची दमयंती मेकॅनिकची वाट बघत बसत नाय," हे वाक्य बोलताना तो आवाज मुद्दाम चढवायचा, म्हणजे ज्याने विचारलं नाही त्यालाही ऐकू जावं.

मिरवण्यासारखं होतंच ते. गिरणीच्या संपात लहूचा साचा, म्हणजे माग, थांबला तो कायमचा. गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा आत घेतलेल्या विणकऱ्यांत तो नव्हता. नंतर वॉचमनची नोकरी मिळेपर्यंत घर ओढलं ते दमयंतीने. मराठी टायपिंग शिकून ती गिरगावातल्या एका छापखान्यात लागली. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा मालक लांबून बघत राहिला आणि हिने त्याच्याशी जमवून घेतलं. पुढे छापखाना बंद झाला, तेव्हा मालकाने तो कॉम्प्युटर तिलाच देऊन टाकला. तेव्हापासून तो पलंगाशेजारी बसून लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर काढत होता.

पण यंत्र आता थकलं होतं. मोठा फोटो उघडला की गप्प बसायचं, चित्र जवळ आणलं की पडद्यावर त्याच्या चिंध्या व्हायच्या. चाळीच्या मंडळाचा चिटणीस दौलत सगळं काम हिलाच द्यायचा, पण यंदा तोही कुरकुरला.

"वहिनी, दिवाळीचा मोठा बॅनर दसऱ्याच्या संध्याकाळी स्क्रीनवरच दाखवा. मध्येच अडकला, तर काम परळच्या नव्या दुकानात द्यावं लागेल. कमिटी माझं ऐकत नाय आता."

मंडळाचं काम गेलं की शेजारच्या चाळींचंही जाणार, हे दमयंतीला कोणी समजावण्याची गरज नव्हती. तिने लॅमिंग्टन रोडला जाऊन नवी मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड आणलं. दसऱ्याच्या सकाळी दोन्ही खोकी देवापुढच्या पाटावर ठेवली आणि झेंडू आणायला ती दादरला निघाली.

"तेवढी पूजा करून ठेवा," ती जाता जाता म्हणाली.

लहूला हेच हवं होतं. गिरणीतला दसरा त्याच्या अंगात मुरलेला होता. त्या दिवशी साचेखातं घासूनपुसून लख्ख करायचे, घरची मंडळी साचे बघायला यायची. कुंकू लावायचं ते वरच्या पत्र्याला नाही, जिथे काम होतं तिथे. त्यांचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तर आणखी एक करायचा. साच्याला कुंकू लावून झालं की तेच बोट साचा चालवणाऱ्याच्या कपाळावर टेकवायचा. लहूच्या कपाळाला ते बोट संपानंतर लागलं नव्हतं.

आता खोक्याला कुंकू लावणं म्हणजे दाराची पूजा करून देवाला विसरणं. लहूने खोकी फोडली. मेमरीची हिरवी पट्टी हातात घेऊन नीट न्याहाळली. तिच्या कडेला सोनेरी रेघा होत्या. काम इथेच होत असणार, हे त्याने अनुभवाने ओळखलं, आणि बरोबर ओळखलं. म्हणूनच घोटाळा झाला. त्याने पाण्यात कालवलेलं हळदकुंकू त्या सोनेरी कडेला शेवटपर्यंत लावलं, कार्डाच्या कडेलाही लावलं, हात जोडले आणि समाधानाने चहा ठेवला.

दमयंती परत आली, तिने ते पाहिलं आणि हसली. "नवरीसारखी नटवलात की हिला," म्हणत तिने कोरड्या फडक्याने दोन्ही पुसून घेतलं. मग कॉम्प्युटरची वायर काढली, बाजूचा पत्रा काढला आणि आतल्या लोखंडाला हात लावला. लहूला वाटलं नमस्कारच करते आहे. साच्यावर उभं राहताना तोही असाच हात लावायचा.

"नमस्कार नाय ओ," ती म्हणाली. "अंगात वीज असते, ती आधी लोखंडाला द्यायची. नायतर पट्टी जळते."

जुनी मेमरी निघाली, नवी बसली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्क वाजल्या. कार्ड बसलं, स्क्रू लागला, पडद्याची वायर कार्डाला जोडली गेली. तिचे हात कुठे अडखळले नाहीत. लहू दारातच उभा राहिला, म्हणजे गॅलरीतून जाणाऱ्याला विचारता यावं की आत काय चाललंय.

तिने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला आणि आतून लांबलचक शिट्टी वाजू लागली, थांबून थांबून.

गॅलरीतून कोणी विचारू नये म्हणून लहूने दार लोटून घेतलं. संपात हिने घर चालवलं, आणि आज हिचं यंत्र आपल्या बोटाने बंद पडलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"गो, माझ्या कुंकवानं तर नाय ना झाला ह्यां?"

"बघूया." दमयंतीने यंत्र बंद केलं, वायर काढली, पट्टी ओढून उजेडात धरली. सोनेरी रेघांच्या मधे लालसर थर राहिला होता. लहू मदतीला धावला आणि त्याने गाल फुगवले. गिरणीत धाग्यांवरची कापसाची धूळ फुंकरीनेच उडवायची.

"फुंकू नका. तोंडातली वाफ बसते त्याच्यावर."

लहूने गाल हळूच खाली केले. तिने ड्रॉवरमधून पांढरा खोडरबर काढला, पट्टी टेबलावर टेकवली आणि एकाच दिशेने, घाई न करता, कड घासायला लागली. रबर गुलाबी झाला. मग कार्डाची कड घासली, कोऱ्या मऊ ब्रशने आतल्या खाचा झाडल्या. कपाळावरचा घाम खांद्याला पुसून तिने पुन्हा लोखंडाला हात लावला आणि दोन्ही बसवलं.

बटण दाबलं. एक छोटी शिट्टी, आणि पडदा उजळला.

संध्याकाळी दौलत आला, तो जरा अवघडूनच. दमयंतीने बॅनर उघडला. मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांचे चेहरे, मागे अख्खी चाळ, गॅलरीगॅलरीत कंदील. तिने चित्र जवळ आणलं, लांब नेलं, चाळीच्या एका खिडकीपर्यंत शिरली. कुठे अडलं नाही.

"कसलं भारी, वहिनी," दौलत म्हणाला. "दिवाळीचं सगळं काम तुमच्याकडेच. कमिटीला मी बघतो. पण हे बसवायला माणूस कुठून आणलात?"

"माणूस कशाला? हिनं बसवलं," लहू म्हणाला. "मी बिघडवलं, तेही हिनंच सुधारलं."

दौलत हसत हसत खुर्चीतून उठणार, तर लहूने त्याला हाताने थांबवलं. तो देवापाशी गेला आणि कुंकवाची वाटी घेऊन आला. दमयंतीने पटकन मेमरीच्या बाजूला हात आडवा धरला.

"आत नाय लावत," लहू म्हणाला. त्याने बोट बुडवून बाहेरच्या पत्र्याला एकदाच टेकवलं.

मग तेच बोट त्याने दौलतसमोर दमयंतीच्या कपाळावर टेकवलं.

"नवऱ्याचं नाय हे," तो म्हणाला. "मशीनवालीचं."