शेवटचा फॉर्मा

माझ्या धाकट्या भावानं सिनेमाचं तिकीट एकच पाठवलं. पाकिटावर 'ताईस' एवढंच, नवऱ्याचा उल्लेखही नाही. एकोणीस वर्षं झाली, त्याचा राग उतरत नाही. आणि आमच्या घरातला माणूस असा, की 'चूक झाली' हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. मध्ये मी. एकाची बहीण, दुसऱ्याची बायको, आणि दोघांनाही खात्री की मी समोरच्याच्या बाजूची. दुसरं तिकीट मी स्वतः काढलं आणि नवऱ्याला सांगितलं, उद्या दुपारी तीनचा खेळ आहे, तुम्ही येताय.

"त्यानं बोलावलंय?"

"मी बोलावतेय."

"मग मी घरीच बरा."

"अहो, पुढच्या महिन्यात तो लेकीकडे कायमचा राहायला चाललाय, समुद्रापलीकडे. मग काय पत्रं लिहिणार आहात एकमेकांना? समोरासमोर असून बोलत नाही, ते?"

ह्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. गप्प बसण्यात आमच्या ह्यांचा हात कोणी धरणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

भांडण काय होतं ते सांगते. नवरा छापखान्यात मशीनमन, मी त्याच छापखान्यात बाइंडिंगला. धाकट्यानं चार वर्षं खपून एक चित्रकादंबरी काढली. तिच्या नायकाचं नाव कानोसा. लाल कोटातला माणूस. कुठेही कोणी घाबरलं की त्याला ते ऐकू येतं, मग तो धावत जातो. उडत वगैरे नाही. धावत जातो, आणि त्याला दम लागतो. म्हणून तर मला तो आवडायचा. धाकट्यानं पुस्तक हक्कानं आमच्या छापखान्यात दिलं. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याला आम्ही फॉर्मा म्हणतो. प्रत्येक रंगाची प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, वेगळी असते. नऊ फॉर्मे बिनचूक गेले. दहाव्याला, म्हणजे शेवटच्याला, ह्यांनी निळ्या रंगाची प्लेट लालच्या जागी आणि लालची निळ्याच्या जागी चढवली. कोटाच्या लालात पिवळाही असतो, त्यात लालच्या जागी निळा आला तसा कानोसाचा लाल कोट हिरवा झाला, निळं आकाश गुलाबी झालं, आणि माणसांचे चेहरे आजाऱ्यासारखे हिरवट.

ह्यांच्या लक्षात आलं तोवर सगळे कागद छापून झाले होते आणि प्रकाशन दोन दिवसांवर आलं होतं. त्या कागदांना घड्या मीच घातल्या. मलाही ते दिसलं, नाही असं नाही. पण मूळ चित्रं मी पाहिली नव्हती, आणि धाकट्याला लहानपणापासून काहीतरी जगावेगळं करायची खोड. वाटलं, असेल त्याचंच काही. हे बोलले नाहीत, मी विचारलं नाही, आणि धाकट्याला कळलं ते प्रकाशनाच्या दिवशी, चारशे माणसांसमोर पुस्तक उघडल्यावर.

पुढची गंमत अशी, की लोकांना नेमकं तेच आवडलं. शेवटच्या सोळा पानांत कानोसा आयुष्यात पहिल्यांदा स्वतः घाबरतो, आणि त्याची भीती एका लहान मुलीला ऐकू येते. वाचकांना वाटलं, चित्रकारानं मुद्दाम सगळं जग उलट्या रंगात रंगवलं. परीक्षणं आली, बक्षीस आलं, 'हिरवा शेवट' म्हणून लेखच्या लेख आले. माझा भाऊ सगळीकडे मूग गिळून बसला. खरं सांगावं तर स्वतःचंच हसं. एवढ्यावरही निभावलं असतं, पण ह्यांनी माफी मागायची सोडून त्याला ऐकवलं, "एवढं काय त्यात? लोकांना आवडलं ना!" त्या दिवशी तो आमच्या घरातून उठला, तो परत उंबऱ्यात आला नाही. मला बाहेर भेटायचा. ह्यांचा विषय निघाला की 'तुझा तो छापखाना' म्हणायचा.

आता त्याच पुस्तकावर सिनेमा निघाला होता, आणि धाकट्यानं निर्मात्यांना एकच अट घातली होती: शेवटच्या प्रसंगात कोट लाल आणि आकाश निळं.

सिनेमा चांगला होता. मला तसलं फार कळत नाही, पण अडीच तास कुठे गेले ते समजलं नाही. ह्यांनी पूर्ण वेळ खुर्चीचा हात धरून ठेवला होता. शेवट आला, लाल कोट निळ्या आकाशाखाली धावला, आणि मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. दिवे लागले तेव्हा पडद्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर चित्रकथा मंडळाचा चष्मेवाला तरुण, दुसरीवर माझा भाऊ. प्रेक्षकांनी मोकळेपणानं मतं सांगावीत, असं त्या तरुणानं जाहीर केलं. लोकांना तेवढंच पाहिजे असतं.

एक टक्कल पडलेले गृहस्थ म्हणाले, "खलनायकाचं घर बघितलंत? एवढा उजेड आणि वारा असलेल्या घरात राहणारा माणूस वाईट कशाला होईल?"

एक शिक्षिका होत्या, चांगल्याच तापलेल्या. "पुस्तकात कानोसाला दम लागतो. इथे मेला सात जिने चढून जातो आणि केससुद्धा विस्कटत नाहीत."

"आवाज फार मोठा ठेवलाय," एक आजोबा म्हणाले. "ज्याला सगळं ऐकू येतं त्याचा सिनेमा, आणि आम्हाला एक वाक्य धड ऐकू येईल तर शपथ."

सगळे हसले, भाऊही हसला. मला बरं वाटलं. मग मधल्या रांगेतून एक तिशीची बाई उठली. दवाखान्यात रक्त तपासते म्हणाली. हातात पुस्तकाची पहिली आवृत्ती, पाठीला चिकटपट्टी लावलेली.

"हिरवा शेवट कुठे गेला?" तिनं विचारलं.

अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

"मी अकरा वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबा आजारी होते. घरात सगळे मला सांगायचे, काही झालेलं नाही, जा खेळ. मला मात्र सगळंच वेगळं दिसायचं, भिंती, जेवणाचं ताट, सगळं. वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. मग हे पुस्तक हातात पडलं. शेवटची पानं उघडली आणि कळलं, घाबरलेल्या माणसाला जग असंच दिसतं. माझं डोकं फिरलेलं नाही. तेवढ्या आधारावर ते वर्ष काढलं मी. आणि आज तुम्ही तेच काढून टाकलंत. का? कोणाच्या दबावाखाली?"

भावानं माइक उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "दबाव नव्हता. मला स्वतःलाच..."

"मग तुम्हाला तुमचंच पुस्तक कळलेलं नाही!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि लोक खो-खो हसले.

माझ्या भावाचा चेहरा एवढासा झाला. मला त्या सगळ्यांना धरून बदडावंसं वाटलं. मग मी नवऱ्याकडे वळले. मनाशी ठरवलं होतं, हा माणूस आता जरा जरी हसला ना, तर मी वेगळ्या बसनं घरी जाईन आणि आठ दिवस स्वयंपाक करणार नाही. पण शेजारची खुर्ची रिकामी होती. हे उठून पुढे गेले होते आणि त्या चष्मेवाल्यापुढे माइकसाठी हात करून उभे होते.

"मी मशीनमन," ते म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा आला, तसा त्यांनी माइक लांब धरला. "हे पुस्तक मी छापलंय. हा माझा मेहुणा. त्यानं कोट लालच काढला होता. हिरवा झाला तो माझ्यामुळे. दोन प्लेटा उलट्या चढवल्या मी."

मग ह्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"आमच्याकडे शिस्त असते. मशीनवर हातातलं काम वाचत बसायचं नाही. वाचलं की हात चुकतो. जन्मभर मी हाताखालच्या माणसांना त्यावरून झापलं. पण त्या दिवशी नऊ फॉर्मे छापून झालेले, आणि पुढे कानोसाचं काय होतं ते मला माहीत नव्हतं. राहवेना. काळ्या रंगाच्या प्लेटवर अक्षरं असतात, ती घेऊन खिडकीपाशी गेलो आणि शेवट वाचला. त्या मुलीला त्याची भीती ऐकू येते ना, तिथे..." ते थांबले. "तिथे रडलो मी. तशाच डोळ्यांनी बाकीच्या प्लेटा चढवल्या."

एवढी वर्षं एका घरात राहिलो, मला हे माहीत नव्हतं.

"मशीनमन गोष्ट वाचून रडला म्हणून काम बिघडलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून वरचढ बोललो. लोकांना आवडलं ना, म्हणालो. ते बोलायला नको होतं." त्यांनी भावाकडे पाहिलं, मग माइक खाली घेतला आणि नुसत्या आवाजात म्हणाले, "माझी चूक झाली."

भाऊ खुर्चीतून उठला होता. "तुम्ही वाचलं होतंत?" त्यानं विचारलं. "छापायच्या आधी?"

"आधी."

"आणि रडलात?"

"सांगितलं ना एकदा. सगळ्यांसमोर आणि किती वेळा वदवून घेणार आहेस?"

लोक हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. भाऊ हसला नाही. तो त्या चिकटपट्टीवाल्या पुस्तकाच्या बाईकडे वळला.

"मीही एक लपवलंय," तो म्हणाला. "प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक उघडलं, हिरवा कोट दिसला, तेव्हा पहिल्यांदा राग आला नव्हता. पहिल्यांदा वाटलं, अरे, हे मला का सुचलं नाही? चार वर्षं घासत होतो आणि हे मला सुचलं नाही. राग मागाहून आला. लोक कौतुक करत गेले तसा वाढत गेला, आणि तो सगळा मी ह्यांच्यावर काढला. सिनेमात कोट लाल करायला लावला तोही त्याच हट्टानं. तुमचं आत्ता ऐकलं, आणि माझीच मला लाज वाटली."

मग त्यानं स्वतःची खुर्ची पुढे ओढली. "भाऊजी, बसा."

हे बसले नाहीत. ती बाई पुस्तक घेऊन पुढे आली आणि आता सही कोणाची घ्यायची, म्हणून घोटाळली. दोघांची घ्या, असं भावानंच सांगितलं. त्यानं सही केली आणि पेन ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक नाकापाशी धरलं, शेवटच्या फॉर्म्याची सोळाही पानं एकेक करून तपासली. मागे सही घेणाऱ्यांची रांग लागली होती आणि पुढच्या खेळाची माणसं दारातून डोकावत होती, पण ह्यांना काही घाईच नाही.

"सिनेमा कसा वाटला, ते सांगितलं नाहीत," भाऊ म्हणाला. अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, पण मी त्याची बहीण आहे. मला त्याचा आवाज कळतो. एकोणीस वर्षं या एका माणसाच्या मतासाठी तो थांबला होता, आणि ते त्याला स्वतःलाही आत्ताच कळत होतं.

ह्यांनी सावकाश सही केली. पेनचं टोपण लावलं. एवढा विचार केला की मला ओरडावंसं वाटलं.

"रंग बिनचूक आहेत," ते म्हणाले. "एक पैशाची खोट नाही."

"पण?"

"पण आज रडू आलं नाही."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग असा मोठ्यानं हसला, की दारातली माणसंही वळून पाहायला लागली. हसता हसता त्यानं ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ते तिथेच राहिलं. ह्यांना काय करावं कळेना. पुस्तक एका हातात, पेन दुसऱ्यात. शेवटी त्यांनी दोन्ही त्या बाईकडे दिली आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला.