तीन हाका

सिरियलमधला खुनी कोण, हे लीलाबाईनं पहिल्याच भागात सांगून टाकलं होतं, अन् तवापासून रोज बदलवून राह्यली होती. काल दीर, आज डॉक्टर. मले तं रागच येत होता. बाई, एका मतावर राह्य ना!

रातचा भाग दुपारी पुन्हा लागते. तवा आम्ही दोघी शेजारणी टीव्हीसमोर बसून अंबाडीची भाजी निवडतो. सिरियल संपाले दोनच भाग राह्यले होते.

त्या दिवशी तिसरे होते अंकुशराव, आमचे होणारे जावई. रविवारी माह्या अंजूचं साक्षगंध, म्हंजे साखरपुडा होता. त्याच्याआधी पोरीनं सासरच्या वावरातल्या विहिरीवर साती आसरांची, पाण्यातल्या देवींची ओटी भरायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. तिले न्यायले ते गाडी घेऊन आलते. अंजू आत हिरवं पातळ नेसून राह्यली होती.

अंकुशरावांचं हे दुसरं लगन. पहिली बायको मंजुषा, त्याच विहिरीत पाय घसरून गेली. तवा हे जाम गावाले बाजारात होते. आले, तं लोकांनी तिले बाहेर काढून ठेवलं होतं. त्यांनीच सांगितलं हे, डोळे पुसत. परवा फोनवर अंजूले विचारत होते, "तुले पोहता येते का?" ती नाई म्हणाली. मी मनात म्हटलं, बिचारा धसकला हाय, किती काळजी करते! कौतुकच वाटलं मले.

सिरियलमधली बाई बी विहिरीतच मेलती. आज ते दाखवलं. मागून कोणीतरी धक्का दिला, बाई पडली अन् बुडाली.

"नवऱ्यानंच ढकललं," लीलाबाई म्हणाली. "मी पहिल्यापासून म्हणून राह्यली."

"अवं, आत्तापरंत डॉक्टर होता ना?"

"हे चूक दाखवलं," अंकुशराव मधातच म्हणाले. "बाई अशी चुपचाप बुडत नाई. तीन हाका मारते. पहिली नवऱ्याले, 'अहो, हात द्या' म्हणते. दुसरी मायले. तिसरीत शब्दच नसते."

लीलाबाई हसली. "जसे काई तुम्ही तिथंच उभे होते!"

ते हसले नाई. बशीत चहा ओतला अन् सावकाश प्यायले. लीलाबाईचंही हसू जिरलं. माह्या हातातली भाजी हातातच राह्यली. माय वं! जामच्या बाजारात बसून हाका कशा आल्या ऐकू?

तेवढ्यात अंजू ओटीचं ताट घेऊन बाहेर आली. "चला, निघू."

"ताट ठेव खाली!" मी ओरडलीच. "अडचण आली ना तुले सकाळी? मंग कशाले शिवली? देवीचं हाय ते!"

पोरगी आ वासून पाह्यत राह्यली. मी डोळे वटारले, तशी तिनं ताट ठेवलं.

"पाच दिवस तिले विहिरीवर जाता येत नाई," मी त्यांना म्हटलं. "साक्षगंध बी पुढं ढकलावं लागंन."

अंकुशरावांनी बशी खाली ठेवली. माह्याकडं पाह्यलं, मंग अंजूकडं. दारात चपला घालता घालता थांबले.

"मामी, तुमचं मत नाई सांगितलं. खुनी कोण?"

"मले काय समजते बाप्पा," मी मान खाली घालून म्हटलं. "मी तं भाजी निवडून राह्यली होती."

"येतो मंग पाचव्या दिवशी."

गाडीचा आवाज नालीपल्याड गेल्यावर मी दाराले कडी घातली.

"आई, खोटं काऊन बोलली?" अंजू चिडली.

मी तिचा हात घट्ट धरला.

"मंजुषानं तीन हाका मारल्या," मी म्हटलं, "अन् तो मोजत उभा होता."