तुळशीरामचा वीरगळ

एक्क्याण्णव साली मी दिघाशीच्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवत होतो. कच्चा मास्तर. डी.एड. नाही, काही नाही. कामतघरहून सायकलने यायचो. शिलाहारांचा धडा पोरं पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. म्हटलं, वीरगळ करू.

फळ्यावर चित्र काढलं. लढाईत मेलेल्या माणसाचा दगड. खालून वर वाचायचा. खाली तो कसा मेला ते, मधे अप्सरा त्याला उचलून नेतायत, वर तो पिंडीसमोर बसलाय. एकदम वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत नाव राहणार.

खाचरातली चिकट माती आणली. बहुतेकांनी तलवारवाले केले. केसरीनाथचा घोडा कुत्र्यासारखा झाला. म्हणे, "सर, तो दमलाय."

तुळजाने स्वतःचा बाप केला, तुळशीराम. राहनाळच्या गोडाऊनवर वॉचमन होता, तीन चोरांशी एकटा लढून मेला, असं आईने सांगितलेलं. काठीवाला माणूस, समोर तीन चोर. वर्गात तोच सगळ्यात चांगला. शनिवारच्या शाळेच्या प्रदर्शनात सगळ्यात पुढे मांडू, असं मी तिला सांगून बसलो होतो.

केसरीनाथने बघितलं. "कसले चोर? तुजा बापूस काविलीनं मेला. आमचे आजीनं पाला दिलता त्याला."

"खोटारड्या!" तुळजाने त्याच्या घोड्यावर बुक्की हाणली. मग माझ्याकडे बघितलं.

मला काय माहीत? म्हटलं, "घरी विचार."

दुसऱ्या दिवशी तिची आई कमळा आली, लूमवरची ड्युटी बुडवून. "काय ओ सर, मेलेली मानसं उकरायला शिकवता काय तुमी?"

"वहिनी, मी इतिहास..."

"चार वर्षांची व्हती पोर. रोज विचारायची. चोर सांगितले, गप झोपली."

तुळजा दारातच होती.  आत गेली, मातीवरची ओली गोणी काढली आणि तिन्ही चोर नखाने खरवडून टाकले. तिथे खाट केली. खाटेवर माणूस.

"तुळजा, असा आजारी माणूस वीरगळावर नसतो गं."

"मंग माजा बापूस कुठं घालू?"

 

कमळा जवळ आली. मग म्हणाली, "खाट न्हवती आपलेकडं. खाली चटईवर व्हता." तिथेच फतकल मारून बसली आणि काडीने चटईच्या रेघा ओढायला लागली. "अप्सरा जाड्या कर जरा. उचलायला जड व्हता तो."

तुळजाला हसू आलं. रडत होती, तरी.

संध्याकाळी हेडमास्तर प्रभाकर सर बघायला आले. "वीरगळ कुठला, हा तर दवाखाना झाला! बाहेरचे लोक येणार आहेत. चुकीचं मांडू नका."

इतिहास म्हणून ते बरोबर होते. मी म्हटलं, "मग वीरगळांच्या टेबलावर नको. बाजूला ठेवतो."

"आणि चिठ्ठीवर लिहिणार काय?"

तुळजाच बोलली, "तुळशीराम. वॉचमन व्हता. काविलीनं मेला."

 सर ऑफिसात गेले आणि स्वतःचं स्टूल घेऊन आले. एक पाय आखूड होता त्याचा. खाली पुठ्ठा सरकवला आणि म्हणाले, "ठेव. सांभाळून, ओला आहे."