कपाटातली म्हातारी

कपाटातून आधी तिची बोटं बाहेर येतात, मग बाही, आणि बऱ्याच वेळाने तोंड. बाही मी शिवलेली आहे आणि बोटं माझ्या लेकीने हलवलेली आहेत. म्हातारी जेमतेम वीतभर उंच, पण पडद्यावर आली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते.

आम्ही मायलेकी बाहुल्यांचे सिनेमे बनवणाऱ्या एकाच ठिकाणी कामाला आहोत. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. दिवसभर राबावं तेव्हा पडद्यावर जेमतेम एक सेकंद दिसतो. मी कपडे शिवते. झग्याच्या घेरात बारीक तार घालते, म्हणजे घेर जिथे ठेवावा तिथेच राहतो. माझी थोरली जाऊ भेटली की हटकून विचारते, "काय गं, अजून बाहुल्यांशीच खेळताय का दोघी?" मी म्हणते, "हो, आणि वर पगारही घेतो."

या वेळी लेकीला पहिल्यांदाच एक अख्खा प्रसंग एकटीला मिळाला होता. एक मुलगा नव्या घरात राहायला येतो, रात्री त्याच्या खोलीतलं कपाट उघडतं, आणि म्हातारीचं भूत बाहेर येऊन स्वतःचा हरवलेला बूट शोधायला लागतं. पलंगाखाली वाकतं, पांघरूण उचलून बघतं. प्रसंग चार मिनिटांचा आणि काम सव्वा वर्षाचं. तेवढ्या काळात पोरीची मान आखडली, डोळ्यांना चष्मा लागला आणि जेवताना चमचासुद्धा ती केसाकेसाने उचलायला लागली.

आणि शुक्रवारी आमचे निर्माते बिथरले. पाठीमागे आम्ही त्यांना कात्रीसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, पण काही लांबलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. म्हणाले, "सिनेमा घरातल्या सगळ्यांसाठी आहे. उद्या पोरांना दाखवू. एक जरी पोर रडत बाहेर गेलं, तर म्हातारी सिनेमातून गेली."

शनिवारी सकाळी छोटं थिएटर पोराबाळांनी गच्च भरलं. लेक मात्र आत यायला तयार नाही. बाहेर जिन्याच्या पायरीवर फतकल मारून बसली.

"आई, मला नाही बघवणार. तू बघ आणि मला सांग."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मी म्हणाले. एरवी हसली असती. आज नुसती नखं खात राहिली, तेव्हा मी मुकाट्याने आत गेले.

मी पडदा बघितलाच नाही, पोरं बघत बसले. कापडात आयुष्य गेलेली बाई मी, मला भीतीसुद्धा कपड्यांवरून कळते. कपाट करकरलं तशी एकाने बाही तोंडात कोंबली. एका पोरीने स्वेटर डोक्यावर ओढून घेतला आणि गळ्याच्या भोकातून एकच डोळा बाहेर काढला. एक बाप मुलाचे डोळे झाकायला गेला आणि स्वतःचेच झाकून बसला. "अरे मागे बघ, मागे!" कुणीतरी पडद्यावरच्या मुलाला ओरडून सांगितलं. सगळे हसले, आणि तेवढ्यात बोटं बाहेर आली. काय किंचाळली पोरं! पण त्या किंचाळण्यात मजा होती. मला वाटलं, जिंकलो.

तोच माझ्या शेजारची चिमुरडी उठली. लाल टोपरं, तोंड वेडंवाकडं झालेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिच्या आईच्या मांडीवर तान्हं झोपलेलं, त्यामुळे तिला उठता येईना. "मी बघते," म्हणून मी मागोमाग निघाले. शेवटच्या रांगेतून कात्रीसाहेबांनी आम्हाला बघितलं.

बाहेर आले तर ती पोर माझ्या लेकीच्या पुढ्यात उभी. लेकीचा चेहरा पांढराफटक पडलेला. तिला कळलं होतं, आपलं काम संपलं. तरी तिने आधी खिशातून रुमाल काढला आणि पोरीचं नाक पुसलं. मी दारातच थांबले.

"ती गेली का?" पोरीने विचारलं.

"नाही. अजून आहे."

"काय करतेय?"

लेकीने क्षणभर डोळे मिटले. तिला तो प्रसंग एकेका फोटोसकट पाठ होता. "आता पलंगाखाली वाकलीय," ती म्हणाली, आणि तिचे हात आपोआप म्हातारीचे झाले. "असा हात टेकलाय. गुडघा दुखतोय ना तिचा, म्हणून हळूच. आता चाचपडतेय. तिथे नाहीये बूट."

"मग?"

"मग आता पांघरूण उचलणार."

पोर त्या हातांकडे बघत राहिली. रडणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही. मग तिने लेकीचं बोट धरलं. "चल ना, बघू या."

"मी? नको गं. मला नाही जमणार."

"भीती वाटते?"

"हो. खूप."

"मी आहे ना," ती पोर म्हणाली, आणि माझ्या घोडीएवढ्या लेकीला ओढत आत घेऊन गेली.

दोघी भिंतीला टेकून अंधारात उभ्या राहिल्या. पांघरूण वर गेलं, सगळं थिएटर पुन्हा किंचाळलं, माझी लेकही दचकली. स्वतः केलेल्या भुताला! आणि मग म्हातारीला बूट सापडला, तिने तो उलटा करून झटकला, आतून उंदराचं पिल्लू पडलं आणि पोरं खो-खो हसत सुटली. लेक पडद्याकडे नाही, त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघत होती. सव्वा वर्ष तिच्यासमोर नुसता कॅमेरा होता.

सिनेमा संपल्यावर कात्रीसाहेब थेट त्या पोरीपाशी येऊन उकिडवे बसले. मी पदरात पडेल ते घ्यायच्या तयारीनेच उभी होते.

"तू बाहेर का गेली होतीस, बाळा?"

"भीती वाटली म्हणून."

"मग ती म्हातारी काढून टाकू या का आपण?"

तिने जोरजोरात मान हलवली. "नको. मग ती कपाटातच राहील ना? एकटीच?"

कात्रीसाहेब गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले, अगदी म्हातारीसारखेच, आणि लेकीला म्हणाले, "राहू दे तिला. एक सेकंदही कापायचा नाही."

लेक भिंतीला धरून उभी होती. तेवढ्यात तान्ह्याला खांद्यावर टाकून पोरीची आई आली. "कुठे होतीस गं? घाबरली होतीस ना?"

"मी थोडीशीच," पोर म्हणाली, आणि माझ्या लेकीकडे बोट दाखवलं. "ही ताई जास्त घाबरली होती. बाहेरच बसली होती. मी तिला आत आणलं."